गावचा दगडी वाडा शेतीच्या कामाला लावायचा असेल तर

पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात एखादा तरी दगडी वाडा कुलूपबंद दिसतोच. वारस कोथरूडला नाहीतर हडपसरला, जमीन वाट्याने दिलेली, चौकात एरंड माजलेला. चार पावसाळे कौलांकडे कुणी पाहिलं नाही की तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं आणि तिथून पडझड सुरू होते. बऱ्याचदा त्याच घरात नवी कांदाचाळ, धान्याची खोली, अवजारांची शेड बांधायचे बेतही चाललेले असतात. यातलं बरंचसं काम त्या वाड्यातच भागू शकतं. वाडा मुळात शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचा. बळद (भिंतीतलं धान्याचं कोठार), पडवी, परसू, देवडी (मुख्य दरवाज्याच्या आतली ओसरी) हे सगळं धान्य, बैल आणि अवजारांसाठीच बांधलेलं होतं.

वापरात राहिलेली वास्तू टिकते. खेड तालुक्यातल्या वाफगावला होळकरांच्या भुईकोटात वर्षानुवर्षं शाळा भरली. पण शेतीचा वापर घरगुती वापरापेक्षा कठोर असतो. वजन जास्त, ओल जास्त, आणि खत-मूत्रातले क्षार तर भिंतीच्या मुळावरच येतात. म्हणून वाड्याच्या प्रत्येक भागाला जे सोसवतं तेवढंच त्याला द्यायचं. हा संपूर्ण लेख या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घर समजून घ्या

पहिला महिना काहीही पाडू नका, काहीही बांधू नका. वहीत वाड्याचा हाताने आराखडा काढा आणि प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, भिंतीची जाडी लिहा. आपल्याकडच्या बहुतेक वाड्यांची रचना अशी असते: खाली काळ्या पाषाणाचं घडीव जोतं, त्यावर पुरुषभर किंवा एक मजला दगडाची भिंत, वर भाजक्या विटा, कच्चे भेंडे (न भाजलेल्या मातीच्या विटा) किंवा पांढरी माती. आतमध्ये सागाचे खांब तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकींवर उभे, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी. वरच्या मजल्याचं बरंचसं वजन या लाकडी सांगाड्यातून खाली उतरतं. म्हणून भिंतीला तडा दिसला की लगेच छप्पर खाली येईल असं नसतं, आणि भिंत ठणठणीत दिसली म्हणून वरचा मजला भक्कम आहे असंही नसतं. भिंत आणि लाकूड दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

लाकूड तपासायला जाडसर दाभण पुरतो. खांब तळखड्यावर टेकतो ती जागा आणि तुळई भिंतीत शिरते ती जागा, या दोन ठिकाणी दाभण खुपसून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर तिथे वाळवी किंवा कूज आहे. मधला भाग कितीही चकचकीत असला तरी निकाल टोकांवर लागतो.

भिंतीला ओळंबा लावा. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत आरपार दगडाची नसते. आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये खांडक्या नि मातीची भर असते. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुरेसे नसले किंवा मधली भर पाण्याने वाहून गेली, की बाहेरचा थर सुटतो आणि भिंतीला पोट येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या अशा दगडी भिंती वरच्या जड माळवदासकट, म्हणजे मातीच्या सपाट छतासकट कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठीच्या भारतीय मानकात उंचीत दर दोन फुटांना आणि आडव्यात साधारण दर चार फुटांना एक आरपार दगड हवा असं म्हटलं आहे. आपल्या भिंतीत तो आहे का, हे बाहेरून कळणं अवघड. हातोडीच्या दांड्याने दगडावर ठोकत जा. घट्ट बसलेला दगड टणक वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ आवाजाच्या जागा खडूने खुणा करून ठेवा आणि त्यांचा फोटो काढा.

तड्यांवर चुन्याची बोटभर रुंद पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी पावसाळाभर अखंड राहिली तर तो जुना, निवांत झालेला तडा आहे. मोडली तर भिंत अजून हलते आहे. ओळंब्यापासून भिंत दोन-तीन इंच सरकलेली असेल, किंवा पोट आलेलं असेल, तर मात्र जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवाच. भोक पाडून आत सळई घालून दोन्ही थर बांधता येतात, पण ते काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

कागद आणि भाऊबंद

वाडा बहुधा सामाईक असतो. दुरुस्ती आणि वापराबद्दल सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, त्यात कोण किती खर्च करणार आणि पीक साठवायचा हक्क कुणाचा हेही लिहा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवा. जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. आहे त्या इमारतीच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, ती आधी घ्या.

पाणी आधी, बाकी नंतर

मुळशी-मावळात पाऊस धो धो, बारामती-इंदापूरकडे बेताचा. पण दगडी वाडा दोन्हीकडे पाण्यानेच जातो. फरक इतकाच की पश्चिमेला पाणी कौलातून येतं आणि पूर्वेला माळवदातून झिरपतं.

चार गोष्टी ओळीने करा. फुटकी कौलं बदला, पन्हळी साफ करा. वळचण भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे असावी, म्हणजे पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडणार नाही. जोत्याभोवतीची जमीन उतरती करा आणि पाणी परसाबाहेर काढणारी चर खणा. वर्षानुवर्षं माती साठून बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढलेली असते, ती उकरून खाली घ्या. आणि चौकात सिमेंटचा कोबा केलेला असेल तर निदान भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी फोडून तिथे मुरूम-खडी भरा. कोब्याखाली अडकलेली ओल वर यायला वाट शोधते आणि ती वाट भिंतीतून जाते.

भिंतीतला पिंपळ ओढून उपटू नका. मुळाबरोबर दगड निघतात. खोड बुंध्याशी कापा, पुन्हा फुटलेली पालवी काढत राहा, मुळं सुकल्यावर तिथल्या दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) उघडून भरा. याला एक-दोन हंगाम लागतात.

चुना, सिमेंट नाही

या मुद्द्यावर तुमचा गवंडी तुमच्याशी वाद घालेल. सिमेंट लवकर आवळतं, सगळीकडे मिळतं, आणि त्याच्या हाताला सवय त्याचीच आहे. तरी ठाम राहा.

आपला काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती दगडातून नाही, दरजांमधून. दरजा सिमेंटने बंद केल्या की ओल आत कोंडते, मधली मातीची भर भिजून बसते, आणि काही वर्षांत बाहेरचा थर सुटायला लागतो. वरून भिंत नव्यासारखी दिसत असते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. चुना मात्र ओल बाहेर सोडतो, भिंत थोडी हलली तरी तिच्याबरोबर हलतो, आणि बारीक भेग पडली तर ती काही अंशी आपली आपण भरूनही काढतो.

कळीचा (न विरवलेला, ढेकळांचा) चुना आणून लोखंडी पिंपात किंवा खड्ड्यात पाण्यात विरवा. पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, आणि पोरंबाळं लांब. विरलेला चुना पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर उत्तम. दरजांसाठी एक भाग चुना आणि तीन भाग स्वच्छ, खरबरीत वाळू. जिथे सतत ओल असते तिथे वाळूचा एक भाग कमी करून भाजक्या विटांची सुरखी (भुकटी) घाला, त्याने चुना पाण्यातही धरतो. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची जुनी पद्धत आहे आणि अनुभवी हाताखाली ती उपयोगीही पडते, पण वाळूत माती असेल आणि चुना कच्चा असेल तर गुळाने काही सुधारत नाही. आधी वाळू धुवा.

जुनी दरज दीड-दोन इंच खोल खरवडा. नुसता वरवर लेप दिला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात. आतली धूळ ब्रशने काढा, पाणी मारा, चुना करणीने दाबून थरांत भरा. मोठ्या दरजेत दगडाच्या चिपा ठोका. मग आठवडा-दहा दिवस ओली पोती लटकवून ठेवा. उन्हात झटकन वाळलेला चुना भुसभुशीत होतो, म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांत करू नका. जमिनीपासून सुरू करून वर जा, आणि एका वेळी तीन-चार फुटांहून लांब पट्टा उघडू नका.

छप्पर हलकं करा

माळवद असेल तर त्यावर दर काही वर्षांनी मातीचा थर टाकत आलेले असतात. खणून जाडी मोजा. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन होतं. कडीपाटाखाली टेकू देऊन वरची जादा माती हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एकाच बाजूने उतरवलीत तर तुळया वाकतात. किल्लारीने शिकवलं ते हेच, की खाली सुटी भिंत आणि वर जड छत ही सर्वांत वाईट जोडी. कौलारू छत असेल तर शक्य तितकी जुनी कौलं ठेवा. कौलांच्या फटींतून हवा खेळते आणि कांद्याला, धान्याला तीच हवी असते. पत्रा टाकायचाच असेल तर वळवाच्या वादळाने उडणार नाही असा हुकांनी वाशांना जखडा, आणि वाशांना तुळयांशी.

कुठे काय ठेवायचं

सगळ्यात आधी हिशेब वरच्या मजल्याचा. पन्नास किलोच्या पाच गोण्या एकावर एक रचल्या तर साधारण अर्ध्या चौरस मीटर जागेवर अडीचशे किलो येतात, म्हणजे चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो. राहत्या घराच्या मजल्याला आजच्या मानकात धरतात ते दोनशे. शंभर वर्षांच्या कडीपाटाकडून त्याच्या दुप्पट मागू नका. वर फक्त हलकी वस्तू: ठिबकच्या नळ्या, रिकाम्या जाळ्या, बांबू, बियाण्याचे छोटे डबे. माळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात गव्हाणी घुबडाचं जोडपं असेल तर त्याला राहू द्या, उंदरांवर त्याच्याइतका चांगला उपाय नाही. फक्त त्याच्या खाली धान्य ठेवू नका.

धान्य माजघरात ठेवा. तिथे भिंती जाड, ऊन नाही, तापमान वर-खाली होत नाही. पण ज्वारी-गहू सुटा ओतून भिंतीला टेकवू नका. सुटं धान्य भिंतीला बाहेर ढकलतं, आणि दगडी भिंत वरून आलेलं वजन कितीही पेलत असली तरी बाजूचा रेटा तिला सोसत नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून निदान दीड-दोन फूट सोडून लावा. त्या बोळातून माणूस गेला पाहिजे, म्हणजे उंदराचं बीळ आणि ओलीचा डाग वेळेवर दिसतो. धान्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, डाळींत त्याहूनही कमी. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे.

बळद असेल तर ते पुन्हा वापरता येतं. आतून जुना चुना खरवडून नव्या चुन्याचा गुळगुळीत हात द्या आणि खालचं तोंड घट्ट बसणाऱ्या लाकडी गुडदीने बंद करा. जमिनीखालचं पेव (धान्य साठवायचा खड्डा) असेल तर मात्र सावध राहा. बंद पेवात विषारी हवा साठते, ऑक्सिजन संपलेला असतो, आणि त्यात उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. कंदील विझला नाही म्हणून आत उतरणं सुरक्षित नाही. माझा सल्ला सरळ आहे: पेव वापरू नका, तोंड भक्कम झाकून कुलूप लावा.

कांद्याचं वेगळं आहे. जुन्नर, खेड, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात उन्हाळी कांदा साठवायचा म्हणून वाडा आठवतो, पण बंद दगडी खोली कांद्याला मानवत नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने शिफारस केलेल्या चाळींमागचं सूत्र म्हणजे खालून आणि दोन्ही बाजूंनी हवा. चाळीतलं तापमान 25 ते 30 अंश आणि आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असली तर कांदा टिकतो. चौकाकडे मोकळा सोपा (चौकालगतची ओसरी) असेल आणि मागच्या भिंतीत जुने झरोके असतील तरच तिथे कांदा ठेवा. बुजवलेले झरोके मोकळे करून त्यांना बारीक जाळी मारा, पण नवे झरोके फोडू नका. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांबूचा तळ करा, ढीग चार फुटांहून रुंद आणि पाच फुटांहून उंच नको, आणि भिंत व ढीग यांच्यात हवेची वाट ठेवा. सोपा बंदिस्त असेल तर आशा सोडा आणि परसात साधी दोन-पाखी चाळ उभारा. वाड्याला कांद्यासाठी छिद्रं पाडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

जनावरं वाड्याच्या मुख्य भिंतींच्या आत बांधू नका. पूर्वी देवडीलगत बैल असत, पण जनावरं कमी होती आणि रोज शेण-मूत्र उचलायला घरात माणसं होती. आता परसात मुक्त गोठा करा. एका गाईला साडेतीन-चार चौरस मीटर छताखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा मिळाली पाहिजे. पडवीत बांधायचीच वेळ आली तर भिंतीपासून दोन फुटांवर लाकडी आडवं घाला, जमिनीला चाळीस फुटांना एक फूट उतार द्या आणि गोमूत्राची नाली भिंतीच्या विरुद्ध बाजूला काढा.

खत आणि औषधं वाड्यात नकोच. शिरूरकडच्या एका वाड्यात सोप्याच्या कोपऱ्यात कैक हंगाम युरियाच्या गोण्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या मी पाहिल्या. गोण्या हलवल्यावर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा क्षार फुटलेला होता, दरजेतला चुना पिठासारखा गळत होता आणि वरच्या भेंड्यांत बोट शिरत होतं. तीन फुटांवरची तीच भिंत खणखणीत होती. युरिया हवेतली ओल ओढतो, क्षार भिंतीत मुरतात, कोरड्या दिवसांत त्यांचे स्फटिक होतात आणि दरजा आतून फुटतात. असे क्षार एकदा आत गेले की पूर्ण निघत नाहीत. खतासाठी वाड्यापासून अंतर राखून एक छोटी पत्र्याची खोली बांधा, त्याच खोलीत औषधांचं कुलूपबंद कपाट असू द्या.

ट्रॅक्टरसाठी दरवाजा रुंद करायचा मोह होतो. करू नका. दिंडी दरवाज्याच्या वरचा कमानीचा किंवा पाटाचा दगड काढणं हा दगडी वाड्यातला सगळ्यात धोक्याचा बदल. ट्रॅक्टर बाहेर शेडमध्ये राहू द्या, देवडीत कुळव, पाभर, फवारणीचा पंप, मापं हे सगळं मावतं.

आग

दगडी वाडा जळत नाही असं अनेकांना वाटतं. शनिवारवाड्याकडे बघा. 1828 च्या आगीत लाकडी मजले गेले आणि उरलं ते दगडी जोतं आणि तट. कडबा, बगॅस, भुसा हे काहीही वाड्याच्या आत किंवा त्याला लागून रचू नका. कडब्याची गंज वाऱ्याच्या दिशेपासून दूर ठेवा, ओला कडबा तर कधीच रचू नका, तो आतून तापतो. जुनं वायरिंग पूर्ण काढा. नवी वायर पाइपमधून, लाकडावर न टेकवता, आणि मेन बोर्डाला गळतीचा करंट तोडणारा स्विच. सोप्यात दोन बादल्या वाळू आणि एक अग्निशामक कायम असू द्या. बल्ब गोण्यांच्या थेट वर लावू नका.

कामाचा क्रम

दसऱ्यानंतर सुरू करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जमिनीचा उतार, चर, झाडं आणि मोजमाप. चुना त्याच वेळी विरवायला टाका. डिसेंबर ते फेब्रुवारी दरजा आणि लाकडाची टोकं, कारण ऊन सौम्य असतं. लाकडाचं कुजलेलं टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्या, सबंध तुळई बदलायची गरज क्वचित पडते. उन्हाळी कांदा साधारण मार्च-एप्रिलला घरी येतो, म्हणून कांद्याचा तळ आणि झरोके गुढीपाडव्याच्या आत तयार पाहिजेत. छप्पर अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवा, वळवाचा भरवसा नसतो. मृग लागण्याआधी एकदा पन्हळींवर पाणी ओतून ते नेमकं कुठे जातं ते बघा.

आतल्या भिंतींना चुन्याचा पांढरा हात वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत द्या. तो कीड-बुरशी रोखतो आणि कुठे ओल आली तर डाग लगेच दिसतो. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावू नका, त्याने सिमेंटसारखीच ओल कोंडते.

पहिला पावसाळा पहाऱ्याचा आहे. जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी वाड्यात जा. तड्यांवरच्या चुन्याच्या पट्ट्या बघा, जोत्यालगत पाणी साचलंय का बघा, माजघरातल्या गोण्यांच्या मागचा बोळ बॅटरी घेऊन चाला. पट्टी मोडलेली दिसली तर आधी त्या भिंतीजवळचा माल दुसरीकडे हलवा आणि तुळईखाली लाकडी टेकू द्या, इंजिनिअरला फोन त्यानंतर.